अंगणवाडीचा पैसा : दिल्लीच्या तिजोरीपासून गावच्या चुलीपर्यंत

देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. त्यांतील कोणत्याही एका अंगणवाडीत सकाळी शिजणारी खिचडी, मुलांना गाणी शिकविणाऱ्या सेविकेचे मानधन आणि महिन्यातून एक-दोनदा भेट देणाऱ्या मुख्यसेविकेचे वेतन यांचा पैसा एकाच हिशेबातून येत नाही. महाराष्ट्रासारख्या राज्यात आहाराच्या खर्चात केंद्र आणि राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा असतो, मानधनात तो साठ-चाळीस असतो आणि नियमित कर्मचाऱ्यांच्या वेतनात केंद्राचे पंचवीस तर राज्याचे पंचाहत्तर टक्के असतात. यांपैकी एखादा प्रवाह अडला की त्याचा भार साखळीच्या शेवटच्या कडीवर येतो. वरच्या कड्यांवरील अधिकाऱ्यांना दरमहा वेतन मिळते. शेवटच्या कडीवरील सेविका, मदतनीस आणि आहार शिजविणारा महिला बचत गट यांना मात्र ‘मानधन’ किंवा ‘देयक’ मिळते. या दोन शब्दांत पन्नास वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

मानधन या शब्दाचा उगम

‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रूढ असला तरी त्याचे मूळ ठाणे जिल्ह्यात, सध्याच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी-कोसबाड परिसरात आहे. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी तेथे आदिवासी मुलांसाठी शिक्षणाचा जो प्रयोग केला, त्यातून ही संकल्पना पुढे आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असे तिचे स्वरूप होते. १९७४ साली राष्ट्रीय बालक धोरण स्वीकारण्यात आले आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बाल विकास सेवा योजना प्रायोगिक तत्त्वावर देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण या सहा सेवा एका छताखाली आणण्याची ही कल्पना होती.

योजना आखताना असे गृहीत धरण्यात आले होते की, अंगणवाडी चालविणारी स्त्री त्याच गावची असेल, दिवसातले काही तास समाजासाठी देईल आणि तिला त्याबद्दल सन्मानदर्शक रक्कम दिली जाईल. त्यानुसार १९७५ साली मॅट्रिक झालेल्या सेविकेला दरमहा १५० रुपये, मॅट्रिक न झालेल्या सेविकेला १०० रुपये आणि मदतनिसाला ३५ रुपये असे दर ठरले. ‘वेतन’ हा शब्द कटाक्षाने टाळण्यात आला. वेतन म्हटले की वेतनश्रेणी, महागाई भत्ता, रजा, निवृत्तिवेतन हे सारे ओघाने येते. मानधन म्हटले की यांतले काहीच येत नाही.

पुढे कामाची व्याप्ती वाढत गेली. लसीकरणाच्या मोहिमा, सर्वेक्षणे, मतदारयाद्यांची कामे, गर्भवतींच्या नोंदी, स्तनदा मातांच्या गृहभेटी हे सारे सेविकांकडे आले. दर मात्र संथपणे वाढले. २००२ साली मॅट्रिक झालेल्या सेविकेचे मानधन १,००० रुपये करण्यात आले. पाच वर्षांच्या सेवेनंतर ते १,०३१ आणि दहा वर्षांच्या सेवेनंतर १,०६३ रुपये होत असे. पाच वर्षांच्या अनुभवाची किंमत शासनाने ३१ रुपये ठरविली होती, याकडे त्या काळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एप्रिल २००८ पासून या रकमेत ५०० रुपयांची भर पडली. एप्रिल २०११ पासून सेविकेला ३,००० आणि मदतनिसाला १,५०० रुपये देण्यात येऊ लागले. १ ऑक्टोबर २०१८ पासून हे दर अनुक्रमे ४,५०० आणि २,२५० रुपये, तर मिनी अंगणवाडीच्या सेविकेसाठी ३,५०० रुपये करण्यात आले. त्याबरोबर कामगिरीवर आधारित प्रोत्साहन भत्ताही ठेवण्यात आला.

कोणाचा वाटा किती

योजनेच्या आरंभी हिशेब सोपा होता. आहाराचा खर्च राज्याचा आणि उरलेला सर्व खर्च केंद्राचा. अनेक राज्यांना आहारासाठी पुरेशी तरतूद करता येत नव्हती, त्यामुळे अंगणवाडी चालू आणि खाऊ बंद अशी स्थिती वारंवार उद्भवत असे. म्हणून २००५-०६ पासून आहाराचा निम्मा खर्च केंद्राने उचलण्यास सुरुवात केली. २००९-१० मध्ये चित्र पुन्हा बदलले. आहार वगळता अन्य खर्चाचा दहा टक्के वाटा राज्यांवर आला आणि ईशान्येकडील राज्यांसाठी आहारासह सर्व बाबींमध्ये नव्वद-दहा हे प्रमाण ठरले.

खरी उलथापालथ २०१५-१६ मध्ये झाली. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा हिस्सा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला होता. राज्यांच्या हाती अधिक मोकळा पैसा जाणार, तेव्हा केंद्र पुरस्कृत योजनांचा अधिक भार त्यांनी उचलावा, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात या योजनेची तरतूद आदल्या वर्षीच्या निम्म्याहूनही कमी ठेवण्यात आली आणि वर्ष सरण्यापूर्वी पूरक मागण्यांद्वारे ती वाढवावी लागली. त्यानंतर सर्वसाधारण राज्यांसाठी साठ-चाळीस, ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी नव्वद-दहा आणि विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशांसाठी संपूर्ण केंद्रीय खर्च अशी विभागणी झाली. आहाराचे निम्मे-निम्मे सूत्र सर्वसाधारण राज्यांत कायम राहिले. डिसेंबर २०१७ पासून बाल विकास प्रकल्प अधिकारी, मुख्यसेविका आदी नियमित कर्मचाऱ्यांच्या वेतनातील केंद्राचा वाटा पंचवीस टक्क्यांवर आला.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होतो. केंद्राने २०१८ साली ठरविलेल्या ४,५०० रुपयांपैकी साठ टक्के, म्हणजे २,७०० रुपये दिल्लीहून येतात. उरलेले १,८०० रुपये राज्याने घालावयाचे असतात. त्यावर राज्याला स्वतःच्या तिजोरीतून आणखी भर घालण्याची मुभा असते आणि बहुतेक राज्ये ती घालतात. महाराष्ट्रात २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकेचे मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये, मिनी अंगणवाडी सेविकेचे ५,९७५ वरून ७,२०० रुपये आणि मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये करण्याची घोषणा झाली. २०२४ साली सेविकेसाठी १३,००० आणि मदतनिसासाठी ७,५०० रुपये असे दर ठरले, शिवाय प्रोत्साहन भत्ता वेगळा. १३,००० रुपयांत केंद्राचे २,७०० म्हणजे जेमतेम एक पंचमांश. मध्य प्रदेशाने २०२३ साली १३,००० रुपयांचा दर जाहीर केला, तर तेलंगणाने २०२१ मध्येच १३,६५० रुपयांपर्यंत मजल मारली होती. त्यामुळे योजना राष्ट्रीय, नाव एक, नोंदवह्या बहुतांशी सारख्या, पण इंदूर, नांदेड आणि निजामाबाद येथील सेविकांच्या हाती पडणारी रक्कम कोणत्या वर्षी किती असेल, हे त्या त्या राज्याची तिजोरी आणि बऱ्याचदा निवडणुकांचे वेळापत्रक ठरविते.

राज्यांची ही भर स्वागतार्ह आहेच. तथापि तिच्यामुळे एक नवी अडचण निर्माण होते. केंद्राच्या दराशी निगडित रक्कम आणि राज्याची अतिरिक्त रक्कम यांच्या मंजुरीचे मार्ग वेगळे असल्याने त्या वेगवेगळ्या दिवशी जमा होऊ शकतात. पासबुकात कमी रक्कम दिसली की ती कोणत्या महिन्याची आणि कोणाच्या वाट्याची, हे सेविकेला कळणे कठीण होते.

नोकरी की सेवा

मानधनाचा प्रश्न न्यायालयांपर्यंत जाणे अपरिहार्य होते. कर्नाटकातील अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली असा निर्वाळा दिला की, अंगणवाडी सेविका हे शासकीय पद नव्हे. त्यामुळे शासकीय कर्मचाऱ्यांचे लाभ मागण्याचा मार्ग बंद झाला. मे २०१३ मध्ये भरलेल्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा मिळावी, अशी शिफारस केली. तिचे रूपांतर केंद्रीय आदेशात झाले नाही.

२५ एप्रिल २०२२ रोजी या वाटचालीला वेगळे वळण मिळाले. गुजरातमधील दाहोद जिल्ह्यातील निवृत्त सेविका आणि मदतनिसांच्या अपिलावर न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने, १९७२ चा उपदान कायदा, म्हणजेच ग्रॅच्युइटी कायदा, त्यांना लागू होतो असा निर्णय दिला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर अंगणवाडी ही कायद्याने सोपविलेली कर्तव्ये पार पाडणारी यंत्रणा झाली आहे आणि तिच्या कामाला अर्धवेळ म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने नमूद केले. मानधन हा शब्द कायम राहिला, परंतु त्यामागे मजुरी दडलेली आहे हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य झाले. निर्णयानंतरही ग्रॅच्युइटीची प्रत्यक्ष रक्कम कोणी द्यावयाची, केंद्राने किती आणि राज्याने किती, हा प्रश्न शिल्लक राहिला. महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनिसांनी ४ डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस जो संप केला, त्याच्या मागण्यांत मानधनवाढीबरोबर ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन यांचा समावेश होता.

निधीचा प्रवास

पूर्वीच्या पद्धतीत केंद्राचा हप्ता राज्याच्या कोषागारात, तेथून विभागाकडे, विभागाकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून प्रकल्पाकडे जात असे. प्रत्येक टप्प्यावर एक मंजुरी आणि एक सही लागे. प्रकल्प कार्यालयातून रोखीने किंवा धनादेशाने मानधन वाटण्याचे दिवस अनेक सेविकांच्या अजून स्मरणात आहेत. तालुक्याच्या ठिकाणी एसटीने जायचे, दिवसभर थांबायचे आणि लिपिक रजेवर असल्याचे ऐकून परत यायचे, हा अनुभव अपवादात्मक नव्हता. दुसरीकडे पैसा वाटेतच मुरतही असे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २००६ ते २०११ या कालावधीतील योजनेच्या कामगिरीची जी तपासणी केली, तिच्यात काही राज्यांनी निधी अन्य कामांकडे वळविल्याचे आणि काही ठिकाणी तो ठेवींच्या खात्यांत पडून राहिल्याचे आढळले होते.

सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे कार्यालयीन बोलीतले ‘पीएफएमएस’, आल्यानंतर मानधन थेट बँक खात्यात जमा होऊ लागले. १ जुलै २०२१ पासून केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आणखी एक बदल लागू केला. प्रत्येक केंद्र पुरस्कृत योजनेसाठी राज्याने एकच नोडल यंत्रणा नेमावी, तिचे एकच बँक खाते असावे, केंद्राचा आणि राज्याचा वाटा त्याच खात्यात यावा आणि खालच्या कार्यालयांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत त्यातूनच खर्च करावा, अशी ही व्यवस्था होती. जिल्ह्याजिल्ह्यांतील खात्यांत पडून राहणारे पैसे त्यामुळे एका ठिकाणी दिसू लागले. राज्याने केंद्राचा निधी मुदतीत या खात्यात न टाकल्यास १ एप्रिल २०२३ पासून सात टक्के दराने व्याज आकारण्याची तरतूदही करण्यात आली. पुढच्या टप्प्यात देयक मंजूर होईल त्याच वेळी रिझर्व्ह बँकेमार्फत दोन्ही वाटे एकत्र काढणारी ‘एसएनए-स्पर्श’ नावाची पद्धत आणण्यात आली.

या शिस्तीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२१ च्या नियमानुसार केंद्राने एका वेळी वर्षाच्या रकमेच्या पंचवीस टक्क्यांहून अधिक हप्ता द्यावयाचा नाही आणि पुढचा हप्ता राज्याने आपला वाटा भरल्यावर व आधीच्या रकमेपैकी किमान पंचाहत्तर टक्के खर्च झाल्यावरच द्यावयाचा, असे ठरले. कागदावर हे निर्दोष आहे. प्रत्यक्षात राज्य हे एकक धरल्यामुळे काही जिल्ह्यांनी हिशेब उशिरा दिला की एकूण खर्चाची टक्केवारी खाली येते आणि ज्या प्रकल्पाने सारे कागद वेळेवर पाठविले, त्यालाही थांबावे लागते. महाराष्ट्रात असे ५५३ प्रकल्प आहेत. ग्रामीण आणि आदिवासी भागांतील प्रकल्पांचा कारभार जिल्हा परिषदांशी जोडलेला आहे, तर नागरी प्रकल्प नवी मुंबईतील आयुक्तालयाच्या अधिक निकट आहेत.

बँक खात्यात थेट पैसे आल्याने तालुक्याच्या खेपा वाचल्या, हे निःसंशय. तरीही काही अडचणी नव्याने उद्भवल्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, नियुक्तीच्या आदेशात सासरचे, आधार कार्डावर तिसरेच आणि बँकेत इंग्रजी स्पेलिंग निराळे, अशी स्थिती असलेल्या स्त्रियांची संख्या आपल्याकडे कमी नाही. २०१९ आणि २०२० मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांचे विलीनीकरण झाले, तेव्हा अनेक शाखांचे आयएफएससी क्रमांक बदलले. यंत्रणेत जुना क्रमांक राहिला की रक्कम परत जाते आणि पुढच्या यादीत नाव येईपर्यंत वाट पाहावी लागते. नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार सेविकेकडे नसतो. तिने मुख्यसेविकेला सांगावयाचे, मुख्यसेविकेने प्रकल्प कार्यालयाला आणि प्रकल्प कार्यालयाने वर कळवावयाचे, हाच क्रम पुन्हा सुरू होतो.

आठ रुपयांची थाळी

मानधन उशिरा आले तर एका घराचा संसार ओढाताणीत सापडतो. आहाराचे देयक उशिरा आले तर चाळीस मुलांच्या ताटाचा प्रश्न उभा राहतो.

सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांना, तसेच गर्भवती व स्तनदा मातांना घरपोच आहार, म्हणजे टीएचआर, दिला जातो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळावा असा नियम आहे. २००९ च्या निकषानुसार मुलाला दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तीव्र कमी वजनाच्या मुलाला ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळावयास हवी होती. यासाठी प्रत्येक मुलामागे दररोजचा दर २००४ पर्यंत एक रुपया होता. २००८ साली तो चार, २०१२ साली सहा आणि २०१७ साली आठ रुपये करण्यात आला. तीव्र कमी वजनाच्या मुलासाठी बारा, तर गर्भवती व स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये ठरले. वर्षाला तीनशे दिवस आहार द्यावयाचा असतो. गहू आणि तांदूळ सवलतीच्या दराने मिळण्याची सोय आहे. डाळ, तेल, भाजी, तिखट-मीठ आणि सरपण मात्र बाजारभावाने घ्यावे लागते आणि बाजारभाव तीनशे दिवस एका जागी थांबत नाही.

चाळीस मुलांच्या अंगणवाडीचा हिशेब करून पाहावा. आठ रुपयांप्रमाणे दिवसाला ३२०, पंचवीस दिवसांचे ८,००० रुपये होतात. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी हा आहार महिला बचत गट शिजवितात. महिनाअखेर गट देयक तयार करतो, सेविका हजेरीशी ते पडताळून पाहते, मुख्यसेविका त्यावर सही करते आणि ते प्रकल्प कार्यालयात जाते. म्हणजे खर्च आधी आणि पैसे नंतर. देयक तीन महिने रखडले तर गटाचे २४,००० रुपये अडकतात. दहा-बारा बायकांनी दरमहा शंभर-दोनशे रुपये टाकून उभारलेल्या गटासाठी ही रक्कम मोठी आहे. मग वाण्याकडे उधारी होते, उधारीवर घेतलेली डाळ रोखीच्या डाळीहून महाग पडते आणि आठ रुपयांची थाळी प्रत्यक्षात सात रुपयांची होते. पोषणाच्या अहवालांत या एका रुपयाची नोंद कुठेही नसते.

हे काम बचत गटांकडे येण्यामागेही न्यायालयाचा आदेश आहे. अन्नाच्या हक्काबाबत २००१ साली दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी योजना प्रत्येक वस्तीपर्यंत नेण्याचे आदेश दिले. ७ ऑक्टोबर २००४ रोजी न्यायालयाने दर एक रुपयावरून दोन रुपये करण्यास सांगितले आणि आहारपुरवठ्यात कंत्राटदारांना थारा देऊ नये, निधी शक्यतो ग्रामसमुदाय, बचत गट आणि महिला मंडळे यांच्यामार्फत खर्च व्हावा, असे बजावले. तरीही घरपोच आहाराच्या मोठ्या निविदांभोवती वाद होतच राहिले. महाराष्ट्राची २०१६ ची निविदा प्रक्रिया सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली रद्द ठरविली. मोठा ठेकेदार देयक सहा महिने थांबले तरी तग धरू शकतो, बचत गट धरू शकत नाही. त्यामुळे देयकांच्या विलंबाने न्यायालयाचा आदेश न मोडताही त्याचा हेतू पराभूत होऊ शकतो.

आदिवासी भागात महाराष्ट्र शासनाने २०१५ साली सुरू केलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गर्भवती आणि स्तनदा मातांना दिवसातून एक चौरस जेवण देण्यात येते. तिची रचना थोडी वेगळी आहे. निधी आदिवासी विकास विभागाचा, अंमलबजावणी महिला व बाल विकास विभागाची आणि खरेदी गावच्या आहार समितीची. पैसा गावाच्या जवळ ठेवण्याची ही कल्पना चांगलीच म्हटली पाहिजे. तथापि दोन विभागांच्या दोन वेळापत्रकांत निधी अडकला की सेविका आणि समितीलाच पदरमोड करावी लागते.

अन्न सुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमानुसार हक्काचा आहार न मिळाल्यास लाभार्थ्याला राज्य शासनाकडून अन्न सुरक्षा भत्ता मिळावयास हवा. ज्या गावांत आहार काही दिवस बंद राहतो, तेथे पालकांना या कलमाची माहिती क्वचितच असते.

मोबाइलशी जोडलेला भत्ता

१ मार्च २०२१ पासून अंगणवाडीच्या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या अॅपवर होऊ लागल्या. हजेरी, वजन, उंची, आहारवाटप हे सारे मोबाइलवर भरावयाचे आणि त्याच नोंदींचा संबंध प्रोत्साहन भत्त्याशी. त्याच वर्षी महाराष्ट्रातील अनेक सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल संच निरुपयोगी असल्याचे सांगून ते प्रकल्प कार्यालयांत परत केले होते. अॅप इंग्रजीत असल्याची तक्रारही त्या वेळी जोरात होती. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याच्या चेहऱ्याची ओळख पटविणे आवश्यक करण्यात आले. बनावट लाभार्थी रोखण्यासाठी हा उपाय समजण्याजोगा आहे. मात्र धडगाव किंवा मेळघाटासारख्या डोंगराळ भागात मोबाइलला रेंज मिळण्यासाठी टेकडी चढणाऱ्या सेविकेच्या दृष्टीने भत्ता मिळणे तिच्या कष्टांइतकेच मोबाइलच्या मनोऱ्यावर अवलंबून राहते.

पाळणाघरे : विस्मृतीत गेलेला भाग

नोकरी किंवा मजुरी करणाऱ्या मातांच्या मुलांसाठी अंगणवाडीचे काही तास पुरेसे नसतात. त्यासाठी १ जानेवारी २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना राबविली जात होती. तिची मदार स्वयंसेवी संस्थांवर होती. १ जानेवारी २०१७ पासून ती राज्यांमार्फत चालू लागली आणि खर्चाचे प्रमाण केंद्र साठ, राज्य तीस व संस्था दहा असे ठरले. पाळणाघर सेविकेला ३,००० आणि मदतनिसाला १,५०० रुपये असा दर होता. दहा टक्के वाटा देणगीतून उभा करावयाचा, उरलेल्या नव्वदासाठी दोन सरकारांच्या हप्त्यांची वाट पाहावयाची आणि तोवर दूध, भाडे व मानधन पदरचे घालावयाचे, हे छोट्या संस्थांना पेलणारे नव्हते. त्यानंतरच्या वर्षांत देशातील पाळणाघरांची संख्या झपाट्याने रोडावली. २०२२ पासून ‘पाळणा’ या नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची नवी योजना आली आणि तिच्यात १७,००० अंगणवाडी-पाळणाघरांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

२०२१-२२ च्या अर्थसंकल्पात अंगणवाडी सेवा, पोषण अभियान आणि किशोरवयीन मुलींसाठीची योजना यांचे एकत्रीकरण करून ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ ही योजना जाहीर करण्यात आली. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी २१,२०० कोटी आणि २०२५-२६ मध्ये २१,९६० कोटी रुपयांची तरतूद होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी आठ कोटींहून अधिक मुले, एक कोटी गर्भवती व स्तनदा माता आणि सुमारे वीस लाख किशोरवयीन मुली यांना या योजनेतून पोषणसाह्य मिळत असल्याचे सांगितले आणि आहाराच्या खर्चाचे निकष योग्य प्रमाणात वाढविण्यात येतील, अशी घोषणा केली. आठ रुपयांचे किती रुपये होणार, हा आकडा त्या भाषणात नव्हता.